वाचून दाखवायची राहिलेली जबानी

कार्ड आलं ते दुपारी. पोस्टमन दारातूनच म्हणाला, "सांगलीचं आहे," आणि देताना त्यानं ते उलटं करून दिलं. तेवढ्यावरूनच मी काय ते ओळखलं. वर 'श्री' नव्हता. भूपाळअण्णांच्या धाकट्या मुलीचं अक्षर… "अण्णा मंगळवारी सकाळी गेले. शेवटपर्यंत शुद्धीवर होते." दोनच ओळी. असलं कार्ड घरात ठेवू नये म्हणतात, म्हणून ओट्यावर उभ्या उभ्याच वाचलं आणि फाडण्याआधी पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. मोठ्यानं वाचायची ही खोड मला अण्णांनीच लावलेली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण गेलं हो?" मी म्हटलं, "आमच्या कोर्टातले चौगुले." कार्डाचे तुकडे करता करता माझ्या ध्यानात आलं, की रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याची लाज वाटली, पण वाटलं ते वाटलं. त्या दिवशी कोर्टात खरं काय झालं हे जाणणारा आता माझ्याखेरीज कुणी उरला नव्हता.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. मी सांगलीला गेलो नाही. गुडघे दुखतात असं कळवलं. गुडघे दुखतात हे खोटं नाही, पण कारण ते नव्हे. तिथं कुणी तरी भेटेल, हात धरून चार शब्द बोलेल, याची मला भीती वाटली. मी जन्माचा भित्रा. पट्टेवाल्यानं दुसऱ्याच्याच नावाचा पुकारा केला तरी मी खुर्चीतून अर्धा उठायचो, आणि नोकरी मात्र तीस वर्षं कोर्टातच केली. ज्याला पाण्याचं भय त्यालाच नावाडी करायचं, अशी देवाची थट्टा.

मी रहिमतपूरचा. मॅट्रिक होऊन साताऱ्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात कारकून म्हणून लागलो तेव्हा लढाई सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. अण्णा माझ्याआधी दहा वर्षं तिथं होते. सांगलीजवळच्या खेड्यातलं जैन शेतकऱ्याचं घर, भाऊ हळदीच्या शेतीत, हे एकटे लिहिण्याच्या वेडापायी संस्थान सोडून खालशात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात, नोकरीला आलेले. उंच, किडकिडीत, डोक्याला काळी टोपी, कोटाच्या खिशात स्वच्छ चिंधी… टाक पुसायला. साहेब इंग्रजीत आपलं टिपण करायचे आणि साक्षीदार जे मराठीत बोलेल ते अण्णा कागदावर उतरवायचे. ती जबानी. मी त्यांच्या डाव्या हाताला बसून रोजनामा लिहायचो, म्हणजे आज कोण हजर, कोण गैरहजर, पुढची तारीख कोणती. साक्षीदाराचा पिंजरा आमच्या टेबलाला लागूनच होता. साक्षीदार खोकला तरी आमचे कागद हलायचे.

जबानी संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची, तो कबूल झाला की खाली 'वाचून दाखवली, बरोबर आहे' अशी ओळ लिहायची, मग सही नाही तर अंगठा. असा कायदा. पण कायदा आणि वहिवाट यांचं सासू-सुनेसारखं. बाकीचे कारकून घाईच्या लग्नात भटजींनी मंगलाष्टकं उरकावीत तसं काहीतरी पुटपुटायचे आणि साक्षीदाराचा अंगठा ओढून घ्यायचे. अण्णांचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे एक शिसवी रूळ होता, वीतभर लांब, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. तो ओळीखाली धरायचे, एक ओळ वाचायचे, साक्षीदाराच्या तोंडाकडे बघायचे, मग रूळ खाली सरकायचा. कोर्ट खोळंबायचं. साहेब घड्याळाकडे बघायचे. वकील जांभया द्यायचे. अण्णांचा रूळ आपला सरकतोय.

एकदा कोरेगावकडची एक म्हातारी उभी होती. सुनेनं मारहाण केली अशी फिर्याद. म्हातारी तावातावानं बोलली, अण्णांनी लिहून घेतलं. वाचून दाखवताना 'सुनेने मला लाकडाने मारले' या ओळीपाशी रूळ आला आणि म्हातारी एकदम म्हणाली, "आवं, आसं म्हनले व्हय मी?"

"म्हणाला, आजी."

"मारलं म्हंजी… ढकाललं तिनं. लाकडावर पडले ती माझी मीच." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. खटला तिथंच संपला, सासू-सुना एकाच बैलगाडीतून घरी गेल्या. त्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "सदा, मानूस बोलताना रागानं बोलतं. पन आपलंच बोलनं दुसऱ्याच्या तोंडनं ऐकलं की खऱ्यावर येतं. म्हणून वाचून दाखवायचं असतं. कायद्यासाठी न्हाई." माझ्याशी बोलताना त्यांची भाषा अशी मधेच सांगलीला जायची.

या वाचण्यापायी त्यांचे हालही व्हायचे. जैनाचं जेवण दिवस मावळायच्या आत. कोर्ट लांबलं की घरी पोचेतो सूर्य बुडालेला असायचा आणि अण्णा तसेच उपाशी झोपायचे. पद्मावहिनी मला म्हणायच्या, "भावजी, तुम्ही तरी सांगा की त्यांना." मी सांगायचो. मी म्हणायचो, "अण्णा, सगळे करतात तसं करा. शेवटची ओळ आधीच लिहून ठेवा. शेवटी नुसता अंगठा घ्यायचा, काम फत्ते." ते हसायचे, "आन् वाचायच्या आधीच 'वाचून दाखवली' म्हनू? जेवायच्या आधी ढेकर दिल्यागत?" मी मात्र सांगत राहिलो. माझा स्वभावच असा, की दुसऱ्याला पळवाट दाखवण्यात मी फार उदार.

मग बेचाळीस साल आलं. त्या दिवसांबद्दल आता पुष्कळ लिहिलं जातं, आणि ते वाचताना वाटतं की तेव्हा जिल्ह्यात सगळे शूरच होते. मी होतो ना, मी सांगतो. आम्ही घाबरलेले होतो. गावोगावच्या चावड्या जळत होत्या, तारा तुटत होत्या, धरपकड चालली होती, आणि आमच्या कोर्टात आरोपींना उभं राहायला जागा पुरत नव्हती. कचेरीतल्या एका कारकुनाला भूमिगतांना बातम्या पुरवतो म्हणून भर दुपारी टेबलावरून उठवून नेलं. त्याच्या चहाच्या कपावर बशी झाकलेली होती, ती संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. कुणी हात लावला नाही. न जाणो, कप उचलला म्हणून आपणही त्याचेच दोस्त ठरायचे. दुसरीकडे गावाकडे जावं तर सरकारी नोकर म्हणून लोक बोलता बोलता गप्प व्हायचे. माझी आई रहिमतपुरात एकटी राहायची. तिला एकानं विचारलं होतं, "तुमचा सदाशिव अजून साहेबाचीच भाकरी खातोय का?" तेवढंच. पण ते ऐकल्यापासून मी शनिवारी घरी जाताना स्टेशनापासून मागल्या वाटेनं जायचो. कोर्टात पोलिसांची भीती आणि घरी भूमिगतांची. जेवलेलं अंगी लागत नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या भाद्रपदात मारुतीचा खटला चालला. वडूजजवळच्या एका खेड्यातला विशी-बाविशीतला कुणब्याचा पोर. चावडीला आग लावून दप्तर जाळल्याचा आरोप. त्याचं वकीलपत्र घ्यायला कुणी पुढं आलं नव्हतं. पुरावा म्हणाल तर एकच. बिराप्पा नावाचा जतकडचा धनगर मेंढरं घेऊन त्या माळावर उतरला होता, आणि आग लागली तेव्हा मारुतीला पळताना त्यानं बघितलं, असं पोलिसांचं म्हणणं. त्याच्या साक्षीवर सगळं होतं. साहेबांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी देता येत होती, आणि त्या दिवसांत ते हात राखून देत नसत.

साक्षीचा दिवस अण्णांच्या दशलक्षणाच्या उपासातला. दहा दिवस एकवेळ जेवायचं, तेही दिवसाउजेडी, आणि कोर्ट लांबल्यामुळं दोन दिवस त्यांना तेही मिळालं नव्हतं. सकाळी जिना चढताना त्यांनी कठड्याला धरलं. मी पुन्हा म्हटलं, "अण्णा, आजच्या दिवस तरी ऐका. ओळ आधी लिहून ठेवा. वाचायचं तर वाचा, पण निदान लिहिण्याचा वेळ वाचेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण बिराप्पाची जबानी शेवटाला येत होती तेव्हा मी पाहिलं… त्यांनी कागदाच्या तळाला लिहिलं होतं, 'वाचून दाखवली, बरोबर आहे'. बारा वर्षांत पहिल्यांदा.

बिराप्पा म्हणजे खांद्यावर घोंगडी, पागोटं, आणि कोर्टाच्या उंच छताकडे घाबरून बघणारे डोळे. सरकारी वकिलांनी विचारलं, आग लागली तेव्हा कोण पळालं? तो म्हणाला, "मारुती." अण्णांनी लिहिलं, 'आरोपी मारुती यास पळताना मी पाहिले.' मारुतीला विचारलं, काही विचारायचंय? त्यानं नुसती मान हलवली. अण्णांनी रूळ उचलला, पहिल्या ओळीखाली ठेवला… आणि कलेक्टर कचेरीचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. साहेबांनी ती वाचली आणि ताडकन उठले. साहेब उठले की सगळं कोर्ट उठतं. "अंगठा घ्या, पुढची तारीख लावा," म्हणत ते आत गेलेसुद्धा. खुर्च्या वाजल्या, पोलिसांनी मारुतीच्या हातातली बेडी ओढली, माणसं बाहेर पडायला लागली. फौजदार शाईची पाटी घेऊन आमच्या टेबलाशी उभाच होता. त्यानं बिराप्पाचा हात धरला, शाईत टेकवला आणि त्या ओळीखाली दाबला.

अंगठा देता देता बिराप्पा बोलला. हळू बोलला, पण आम्ही दोघं हाताच्या अंतरावर होतो. काय बोलला ते मी शेवटी सांगेन. इथं एवढंच सांगतो, की त्याच्या त्या तीन वाक्यांनी मारुती सुटला असता. फौजदारानं त्याला "चल, चल" करून ढकललं आणि तो घोंगडी सावरत निघून गेला.

अण्णांच्या हातात रूळ तसाच होता. साहेब उठून गेल्यावर कागदावर एक अक्षर वाढवणं म्हणजे बनावट, आणि न वाढवावं तर कागद खोटा. वर त्यांच्याच हातची ओळ… वाचून दाखवली. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सदा, तू ऐकलंस नव्हं?"

मी आजूबाजूला बघितलं. फौजदार दाराशी विडी पेटवत होता. मी कुजबुजलो, "ऐकलं. पण अण्णा, तुमच्या पाया पडतो, गप्प बसा."

निकालाला आठ दिवस होते. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. टाक उचलला की हात थरथरायचा आणि रोजनाम्यावर शाईचे डाग पडायचे. शिरस्तेदारांनी दोनदा विचारलं, "हिवताप आहे का रे तुला?" रविवारी अण्णा सर्व्हिस मोटारनं वडूजला गेले. भूमिगतांचा तो मुलूख, आणि सरकारी कारकून तिथं एकट्यानं एका साक्षीदाराला शोधत हिंडतोय! कुणी बघितलं असतं तर इकडून किंवा तिकडून, खैर नव्हती. सोमवारी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तळ हालला रं. चुलीची तीन दगडं आन् लेंड्या. जतला गेला म्हनतात, कुनी म्हनतं इजापूरकडं." त्यांच्या धोतराला माळाची कुसळं अजून चिकटलेली होती. मी ती पट्टेवाल्याच्या नजरेला पडायच्या आत वेचून टाकली. मित्राला मी एवढीच मदत केली.

निकालाच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. फौजदार पहिल्या बाकावर. मारुतीची आई दाराबाहेर बसलेली, तिचं नुसतं लुगडं दिसत होतं. साहेबांनी कागद उघडला आणि अण्णा उभे राहिले. कारकून कोर्टात उभा राहतो तो साहेब येतात आणि जातात तेव्हाच. अधेमधे कुणी उभा राहिलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता. त्यांचे पाय कापत होते. मी खाली मान घालून बसलो होतो, मला त्यांचे पायच दिसत होते. म्हणून सांगतो, अण्णा निर्भय वगैरे काही नव्हते. माझ्याइतकेच घाबरले होते.

"साहेब, बिराप्पाची जबानी वाचून दाखवलेली नाही. दाखवली असं मी आधीच लिहिलं होतं. चूक माझी आहे. अंगठा देताना साक्षीदार आणखी काही बोलला. ते कागदावर आलं नाही." आणि काय बोलला ते त्यांनी सांगितलं.

साहेबांनी कागदाच्या तळाची ओळ बघितली. "स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ खोटी आहे म्हणता?"

"होय साहेब."

"याचा परिणाम ठाऊक आहे?"

"होय साहेब."

"कागदावर नाही ते मी तुमच्या एकट्याच्या शब्दावर कसं धरू? आणखी कुणी ऐकलं असेल तर साक्षीदाराला परत बोलावता येईल. कुणी ऐकलं?"

अण्णांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बघितलं असतं तर… पण नाही, उगीच त्यांच्यावर का ढकलू? साहेबांचीच नजर माझ्यावर आली. "तुम्ही शेजारी होता. तुम्ही ऐकलंत?"

मी उठलो. फौजदार बाकावर थोडा पुढं सरकला, बास, तेवढाच. मला तो बशी झाकलेला कप दिसला. आई दिसली. मी म्हणालो, "लक्ष नव्हतं, साहेब." आणि कुणी विचारलं नसताना वर म्हणालो, "मी पुढची तारीख लिहीत होतो."

दोन वर्षं सक्तमजुरी. रोजनाम्यात ते मीच लिहिलं, आणि त्या दिवशी माझा हात जराही कापला नाही. भीती गेली होती ना! बाहेर मारुतीच्या आईचा आवाज आला आणि पट्टेवाल्यानं दार लावून घेतलं.

अण्णांची चौकशी झाली. साहेब अगदीच वाईट नसावेत, नोकरी वाचली. पण जबानीचं टेबल गेलं. तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात जुन्या कागदांचे रुमाल बांधायचं आणि सोडायचं काम. निकालाच्या दिवशी संध्याकाळी मी तोंड चुकवून निघालो होतो, तर ते फाटकाशी उभे. मला वाटलं, आता बोलणार, आणि बोलावंच. ते म्हणाले, "आज लौकर सुटलो रं. दिवस हाय अजून. चल जेवायला." मी गेलो. वहिनींनी वाढलं. जेवता जेवता अण्णा ताटाकडे बघून म्हणाले, "तुझी आई एकटी हाय रहिमतपुरात. मला ठाऊक हाय." बस्स. पुढं तीस वर्षांत त्या दिवसाचा माझ्यापाशी त्यांनी उल्लेख केला नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी केव्हाच मोकळा झालो असतो.

स्वराज्य आलं. संस्थानं गेली, सांगली जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि अण्णा बदली मागून आपल्या मुलखात गेले. आता तरी बोलायला काय हरकत होती? पण भीतीचं एक असतं, मालक बदलला तरी ती घर सोडत नाही. आधी सरकारची होती, मग लोकांची झाली. आमच्या गल्लीतल्या शाळेनं एका पंधरा ऑगस्टला मला बोलावलं, बेचाळीसच्या आठवणी सांगा म्हणून. मी अण्णांची गोष्ट सांगितली. उभे राहिले इथपर्यंत सांगितली, 'आणखी कुणी ऐकलं' हा प्रश्न गाळून. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी मला नारळ दिला.

शेवटचं भेटलो ते या हिवाळ्यात. अण्णा सोप्यात पलंगावर, अंगावर चादर, नजर अधू झालेली. वाण्याची यादी मुलीनं लिहिली होती, ती ते तिला वाचून दाखवायला लावत होते आणि शेवटी "बरोबर?" म्हणत होते. तेवढ्यात एक गृहस्थ पिशवी घेऊन आले. पन्नाशीचे, पटका, डावा डोळा मिटलेला. वहिनी म्हणाल्या, "हे वडूजचे मारुतराव. दरसाल सुगी झाली की शेंगा घेऊन येतात." तुरुंगात खडी फोडताना कपची उडून डोळा गेला, हे ते यंदा पाऊस झाला नाही असं सांगावं तसं सांगत होते. मग माझ्याकडे वळले, "तुमी साताऱ्याचं? आण्णांच्या कोर्टातलं?"

अण्णाच म्हणाले, "माझ्या शेजारीच बसायचा सदा."

"आवं, मग पाया पडू द्या की!" आणि ते खरोखर वाकले. "तुमचं ध्यान नव्हतं तवा, त्येला तुमी काय करनार? तवा लय एकटं वाटलं हुतं. पन दोन मानसं तरी आपल्या बाजूची बसली हुती म्हनायची." मी त्यांना उठवलं. अण्णांनी अंदाजानं ताटली माझ्याकडे सरकवली, "शेंगा खा रं सदा." मी खाल्ल्या. एकेक शेंग फोडून खाल्ली.

निघताना अण्णा मुलीच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत आले. म्हणाले, "सदा, त्या धनगराला वाचून दाखवायचं राहिलं बघ. तेवढं एक राहिलं." तीस वर्षं माणूस स्वतःचीच चूक उगाळत बसला होता. राहिलं ते तुमचं नाही, माझं… एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बस चुकेल, अण्णा."

गेल्या आठवड्यात टपालानं एक लांबट पुडकं आलं. आत कापडात गुंडाळलेला शिसवी रूळ, आणि मुलीची चिठ्ठी. "अण्णांनी आदल्या दिवशी सांगितलं, हा सदाशिवला द्या. का, ते बोलले नाहीत." टेबलावर ठेवला तर दोन दिवस मला त्या खोलीत जाववेना. तिसऱ्या दिवशी दार लावून घेतलं आणि हे लिहायला बसलो. आता लिहून झालंय. रूळ ओळीखाली धरून, पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचलं. हात कापतोय, पण ओळ सुटत नाही. छापून आलं की याची एक प्रत वडूजला जाईल. मारुतरावांना वाचता येत नाही. त्यांची नात शिकलेली आहे, ती वाचून दाखवेल. ते काय म्हणतील याची मला भीती वाटते, फार वाटते. पण शेवटचं राहिलेलं सांगून टाकतो.

अंगठा देताना बिराप्पा धनगर म्हणाला होता, "सायेब, म्या पाट बगितली. त्वांड न्हाई बगितलं. नाव मला मागनं सांगितलं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी तारीख लिहीत नव्हतो. माझं लक्ष होतं.

वाचून पाहिले. बरोबर आहे.